मेंदीखालची शीर

माझं काम काय ते सांगितलं की समोरचा माणूस नकळत हात मागे घेतो. मी रक्त घेते. मोहालीतल्या एका खासगी लॅबमध्ये रोज आजाऱ्यांचं, आणि अधूनमधून बोलावणं आलं की खेळाडूंचं. खेळाडूंचं रक्त म्हणजे उत्तेजकांची चाचणी. ताकद वाढवायला कुणी नको ते घेतलंय का, ते त्यातून कळतं म्हणतात. मला काही कळत नाही. मी नळ्या भरते, त्या खेळाडूच्या समोर सीलबंद होतात, थंड पेटीतून निघून जातात. निकाल कुठे लागतो, काय लागतो, ते मला कुणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. उगाच कशाला नसत्या चौकशा?

नवरा संध्याकाळी चिडवतो, ‘‘काय गं, आज कुणाचं रक्त प्यालीस?’’ मुलगी इथल्याच खरड गावातल्या शाळेत शिकते, तिचं मराठी फक्त कानांपुरतं उरलंय. ती विचारते, ‘‘आई, आज किस को सुई लगाई?’’ दोघांनाही मी एकच उत्तर देते, की सांगायची परवानगी नाही. इथेही मी कुणाचं नाव सांगणार नाही. गोष्ट तेवढी सांगते, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही.

बॉक्सरचा हात म्हणजे आमच्या धंद्यात सुट्टीचा दिवस. शिरा अशा टरारून वर आलेल्या असतात की आंधळ्यानेसुद्धा टोचावं. आमच्या सांगलीकडे मी पैलवान पाहत वाढले, पण पैलवानाच्या दंडावर मांस असतं, शीर शोधावी लागते. बॉक्सरचं तसं नाही. म्हणून त्या सकाळी, आज एका व्यावसायिक बॉक्सर मुलीकडे जायचंय, असं मॅडमनी सांगितलं तेव्हा मी निवांत होते. मॅडम म्हणजे आमच्या पथकाच्या अधिकारी. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, केस बारीक कापलेल्या. बोलायचं काम त्यांचं आणि टोचायचं माझं. मला ही वाटणी पसंत आहे.

या कामाचा एकच नियम समजून घेतला की पुढचं सगळं समजतं. आम्ही न सांगता जातो. चाचणीच्या यादीत असलेल्या खेळाडूने रोजचा एक तास आणि एक पत्ता आधी कळवून ठेवायचा असतो. त्या तासात आम्ही कधीही दार वाजवू शकतो. एकदा ‘तुमची निवड झाली आहे’ असं मॅडमनी तोंडावर सांगितलं, की तो खेळाडू आमच्या नजरेआड होता कामा नये. आणि नाही म्हणणं म्हणजे उत्तेजक घेतल्यासारखंच धरतात.

मोहालीत त्या गल्लीत शिरलो तर मांडव. दारात झेंडूच्या माळा, गॅसवर उकळणारा चहा, आणि आत बायकांचं गाणं. मी मॅडमकडे पाहिलं. म्हटलं, पत्ता चुकला. मॅडमनी फोनमध्ये पुन्हा बघितलं आणि चपला काढून आत गेल्या.

लग्न तिचंच होतं. बैठकीच्या खोलीत पाटावर ती बसली होती, समोर मामा. मामांपुढे परातीत दूध-पाणी, त्यात गुलाबाच्या पाकळ्या आणि लाल बांगड्यांचा जाड ढीग. आपल्याकडे नवरीला हिरवा चुडा, तसा यांच्यात हा लाल चूडा. मामाने भरायचा असतो, मनगटापासून पार कोपरापर्यंत, आणि भरताना नवरीने तो बघायचा नसतो. म्हणून तिच्या मावशीने मागून तिचे डोळे झाकून धरले होते. त्यामुळे आम्ही आलेलो सगळ्यांना दिसलो, फक्त तिला नाही.

मॅडमनी ओळखपत्र दाखवून शांतपणे ते ठरलेलं वाक्य म्हटलं. गाणं थांबलं. मावशीचे हात आपोआप खाली आले. मुलीने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. दचकली मात्र नाही. ‘‘जी मैडम,’’ एवढंच म्हणाली.

दचकली तिची आई. ‘‘इसने तो बॉक्सिंग छोड़ दी है जी,’’ ती हसतच म्हणाली. जणू गॅस सिलिंडरवाला चुकून या घरी आलाय. ‘‘आपको गलत खबर है. शादी की बात पक्की हुई तभी छोड़ दी. लड़के वालों से यही तो तय हुआ था.’’

मॅडम म्हणाल्या, ‘‘छोड़ने वाला लिखकर देता है, बहन जी. फिर हम नहीं आते. आज का पता तो इन्होंने खुद भेजा है.’’

खोलीतल्या सगळ्या बायका मुलीकडे बघायला लागल्या. स्वयंपाकघरात कुणीतरी पुरी तळत होतं, तेवढाच आवाज.

मग जे व्हायचं ते झालं. आई आधी रागावली, मग रडली, मग पुन्हा रागावली. तुकड्या-तुकड्यांत मला समजलं ते असं. मुलाकडचे लोक चांगले होते, विमानतळाजवळच्या एयरोसिटीत स्वतःची कोठी, म्हणजे बंगला, मुलगा एकुलता एक. सून तोंडावर ठोसे खाते हे त्यांना चालणारं नव्हतं, म्हणून मुलीने आपण खेळ सोडल्याचं सांगितलं होतं. त्यांना सांगितलं, आणि आपल्या आईलाही. सोडला मात्र नव्हता. दोन महिन्यांवर तिची परदेशात लढत होती, विजेतेपदाच्या पट्ट्यासाठीची पहिली. त्या लढतीच्या अटीतच ही चाचणी होती. आज नाही म्हटलं तर लढत गेली, आणि पुढची काही वर्षंही गेली.

आईच्या दृष्टीने हा प्रश्नच नव्हता. ‘‘तो जाने दे ना! लगने दे पाबंदी. तुझे कौन-सा अब लड़ना है?’’ मामा परातीशी बसून होते, हातात ओली बांगडी. ते म्हणाले, चूडा चढण्याआधी घरात रक्त सांडणं अशुभ आहे. एका म्हातारीने सांगितलं, चढल्यावर तर त्याहून अशुभ. म्हणजे आधीही नाही, नंतरही नाही. मला खरं सांगायचं तर त्या म्हातारीचा राग आला. पण मी मूग गिळून उभी राहिले. माझं काम टोचायचं होतं.

मुलगी उठली. ‘‘मामा जी, पाँच मिनट,’’ म्हणाली. पाच मिनिटांत आमचं काही होत नाही, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं. मॅडमनी व्हिडिओवाल्याला बाहेर काढलं. आम्ही आतल्या खोलीत गेलो. आई पाठोपाठ आली, कारण खेळाडूला आपलं एक माणूस जवळ ठेवता येतं आणि मुलीने तिचाच हात धरला होता. आई हात सोडवून घेत होती, पण मुलीची पकड शेवटी बॉक्सरची.

तिला खुर्चीवर बसवलं. पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ, थोडा वेळ असंच बसावं लागतं. त्या वेळात आम्ही समोर ठेवलेल्या नळ्यांच्या डब्यांतून तिने एक निवडला, सील तपासलं, आकडे जुळवले. भुवईवरची जुनी खूण पावडरीखाली लपवलेली होती. मी हात पुढे करायला सांगितलं आणि तिथे माझी सुट्टी संपली.

मेंदी. दोन्ही हातांवर, बोटांच्या टोकांपासून कोपराच्याही वर, वीतभर. मोर, वेली, जाळ्या, पालखी, एका ठिकाणी नवरदेवाचं तोंडसुद्धा. रंग इतका गडद चढला होता की बायका नक्कीच म्हणाल्या असणार, सासू जीव लावेल. त्या रंगाखाली शीर दिसण्याची सोय नव्हती. दंडाला पट्टा आवळला, मूठ मिटवली, तरी डोळ्यांना नुसता मोर दिसत होता. त्यात चूड्याच्या विधीसाठी पोरगी आदल्या संध्याकाळपासून उपाशी, पाणीसुद्धा घोट-घोट. आम्हाला तीनदाच टोचता येतं. तीन वेळा नाही मिळालं तर तिथे थांबायचं.

पहिल्यांदा चुकले. सुई आत गेली, रक्त आलं नाही. मुलीने हात तसाच पुढे धरून ठेवला. आई मात्र म्हणाली, ‘‘देखा? रब भी नहीं चाहता.’’

मला त्या वाक्याने जो राग आला तो मी अजून विसरलेले नाही. देवाचा काय संबंध? चुकले होते मी. मी दुसरा हात घेतला, डोळे मिटले आणि बोटाने शोधायला लागले. शीर बोटाखाली लवचीक लागते, स्नायू दगडासारखा लागतो. तिच्या हातात दगडच जास्त. मग एका वेलीच्या वळणाखाली ती लागली, बारीक आणि सरकणारी. अंगठ्याने तिला खाली दाबून धरलं आणि टोचलं. नळीत लाल धार आली. आईने तोंड फिरवलं. मुलीने नळीकडे पाहिलं आणि पहिल्यांदा मोठा श्वास सोडला.

सगळं आवरून निघताना आईने आम्हाला दारात गाठलं. आता ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. तिने हात जोडले. लड़के वालों को मत बताना जी, एवढंच परत परत म्हणत होती. मॅडम म्हणाल्या, आम्ही कुणालाच काही सांगत नसतो. आतून पुन्हा गाणं सुरू झालं होतं. मामा चूडा भरत असणार. आम्हाला लाडू देऊ केले, आम्ही घेतले नाहीत. घेता येत नाहीत. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं की आज मला काही विचारू नकोस, आणि त्याने खरंच विचारलं नाही.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी, थंडी ऐन भरात असताना, मॅडमचा फोन आला. पत्ता एयरोसिटीचा होता. मी नावाबद्दल विचारलं नाही, पण गाडीत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, ‘‘वही लड़की.’’

त्या भागात एका रांगेत एकसारख्या कोठ्या, आणि त्या दिवशी धुकं इतकं की दोन घरांपलीकडचं तिसरं दिसत नव्हतं. वर विमान गेल्याचा आवाज आला, विमान नाही. गाडी अगदी जवळ गेल्यावर फाटकाबाहेर कुणीतरी बसलेलं दिसलं. प्लास्टिकची खुर्ची, अंगावर शाल, डोक्यावर टोपी, मांडीवर दुधाची स्टीलची किटली. शालीतून लाल चूडा दिसत होता.

ती उठली नाही, फक्त हसली. दुधासाठी बाहेर बसते असं घरात सांगितलंय, म्हणाली. रोज, तो पूर्ण तास. बेल वाजली तर कोण उघडेल त्याचा भरवसा नाही, आणि दारात मॅडम जे वाक्य म्हणतील ते सासूच्या कानी जायला नको होतं. दूधवाला तास सुरू व्हायच्या आधीच येऊन जायचा. दूध घेऊन ती परत खुर्चीवर बसायची, घरात वाटायचं अजून आला नाही. नवऱ्याला ठाऊक होतं. तो म्हणाला होता, लढत होऊ दे, मग मीच मम्मीला सांगतो. तोवर पहाटे गच्चीवर दोरीच्या उड्या मारायच्या आणि दुपारी ‘ब्यूटी पार्लरचा कोर्स’ म्हणून जिमला जायचं.

ऐकून मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. एक मुलगी समोरच्याच्या जबड्यावर सरळ ठोसा मारते, आणि सासूला दुधाचं खोटं सांगते. पण मी तरी कुठे मोठी धीट? सासरी पहिलं वर्षभर, रक्त बघून मला चक्कर येते असं मी सांगत होते, म्हणजे नोकरीचा विषय निघाला तर त्यांनाच वाटावं की ही फार टिकायची नाही, आपणच सोडेल, आणि कुणी आडवं येऊ नये. ज्याचं जळतं त्याला कळतं.

खरं तर असं उघड्यावर रक्त घ्यायचं नसतं. मॅडम म्हणाल्या, गाडीत बसू या. पण गाडीच्या सीटवर तिचे पाय नीट टेकेनात, आणि पाठ सरळ राहीना. शेवटी फाटकाच्या आत, गाडी ठेवायच्या छपराखाली, भिंतीच्या आडोशाला तिची खुर्ची घेतली. आपलं माणूस कुणी हवंय का, असं मॅडमनी विचारलं. ती म्हणाली, ‘‘कोई नहीं है जी.’’

मेंदी फिकी होऊन केशरी झाली होती. मोराची फक्त शेपटी उरलेली. चूडा मनगटाकडे सरकवला, पट्टा बांधला. या वेळी शीर समोर उभी होती, जशी बॉक्सरची असावी तशी. पहिल्याच टोचणीला रक्त आलं. मी मनातल्या मनात खूश झाले. पहिली नळी भरत होती, तेवढ्यात घराचं दार उघडलं.

सासू. जाडजूड, गोरी, डोक्यावर लोकरी शाल, पायांत नवऱ्याच्या मोठ्या चपला. हातात झारी होती, तुळशीला की कशाला पाणी घालायला निघाली असावी. तिने मला पाहिलं, पेटी पाहिली, सुनेचा हात पाहिला. मी हललेही नाही. सुई शिरेत असताना हलता येत नाही, आणि मुलीलाही हलता येत नव्हतं.

सासूच्या चेहऱ्यावर आधी नुसतं आश्चर्य होतं. मग ते हळूहळू बदलत गेलं. सकाळी घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबवाल्यांना कोण ओळखत नाही? नव्या सुनेने कुणाला न सांगता, कोपऱ्यात बसून रक्त तपासायला द्यायचं, याचा आपल्याकडे काय किंवा यांच्याकडे काय, एकच अर्थ निघतो. झारी तिने खाली ठेवली.

‘‘हाय रब्बा,’’ ती म्हणाली, ‘‘मैनूं दस्सिया वी नहीं!’’ मला सांगितलंसुद्धा नाहीस, असं म्हणत पुढे येऊन तिने सुनेच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले. मग मॅडमना विचारलं, ‘‘लैब से हो ना जी? रिपोर्ट आज ही मिल जाएगी? मैं तो कब से मन्नत माँग के बैठी हूँ.’’

मॅडमची पी.टी.ची शिस्त पहिल्यांदा डळमळलेली मी पाहिली. ‘‘हम कुछ बता नहीं सकते, जी,’’ त्या म्हणाल्या. त्यांना दुसरं काही म्हणायची मुभाच नव्हती. सासूला ते होकारासारखं वाटलं. तिचे डोळे भरून आले. ठंड में बैठी है, पागल, असं म्हणत ती स्वतःची शाल काढून सुनेच्या खांद्यांवर घालायला लागली.

दुसरी नळी लावली. माझे हात आपलं काम करत होते. मनात मात्र मी त्या मुलीला विनवत होते की गप्प राहा. एवढी सोपी पळवाट आयती चालून आली आहे. लढतीला आता महिनाच उरलाय. नंतर सांग, रिपोर्टमध्ये काही निघालं नाही, झालं. सगळ्याच घरांत अशी निराशा एकदा-दोनदा येते आणि जाते. मी तिच्या जागी असते तर गप्प राहिले असते, हे अगदी खरं.

मुलीने सासूकडे मान वर करून पाहिलं. हात तिने तसाच सरळ ठेवला होता.

‘‘मम्मी जी,’’ ती म्हणाली, ‘‘बच्चा नहीं है. बॉक्सिंग वालों का टेस्ट है. मैंने छोड़ी नहीं.’’

सासूचे हात शालीवरच राहिले. मी सुई काढली, कापूस लावला, मुलीला दाबून धरायला सांगितलं. तिने धरला नाही. ती सासूकडेच बघत होती. कापसाखालून रक्ताचा एक ओघळ मेंदीवरून खाली आला आणि चूड्याच्या पहिल्या बांगडीशी थांबला. मला म्हणायचं होतं, अगं दाब.

कापूस सासूने दाबला. अंगठ्याने, चांगला जोर देऊन, जसा आम्ही शिकवतो तसा. चेहरा दगडासारखा झाला होता, मघाचं पाणी मात्र डोळ्यांत तसंच होतं. पलीकडच्या घरातली बाई पायरी धुवायला बाहेर आली आणि फाटकातून डोकावून बघायला लागली. सासूने तिच्याकडे एकदा पाहिलं.

‘‘सारा मोहल्ला देख रहा है,’’ ती सुनेला म्हणाली. ‘‘उठ. जो करना है, अंदर बैठ के किया कर.’’

आणि कापसावरचा अंगठा न काढता तिला दंडाला धरून घरात घेऊन गेली. नळ्यांना सील लागलं नव्हतं, ते मुलीच्या समोरच लावायचं असतं. म्हणून पेटी उचलून आम्हीही त्यांच्यामागे आत गेलो.